थरथरता हात आणि सहाशे मिलिमीटर

गेल्या वर्षी उन्हाळी सुट्टी लागायच्या दिवशी आठवीच्या वर्गात फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत ‘ख़ुदा हाफ़िज़’ लिहिलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने ते मोठ्याने वाचलं, ‘जुदा हाफ़िज़’. सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि डस्टरने पुसून पुन्हा लिहिलं.

ज्यांना उर्दू लिपी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. उर्दूत ‘ख़ुदा’ आणि ‘जुदा’ या दोन शब्दांत फरक फक्त एका नुक्त्याचा आहे. नुक्ता अक्षराच्या वर असला तर ख़ुदा, खाली पोटात आला तर जुदा. माझ्या हाताला झटका बसला होता आणि खडू वरून घसरून अक्षराच्या पोटात टेकला होता. मुलीची काहीच चूक नव्हती. तिने फळ्यावर होतं तेच वाचलं.

वीस वर्षं मी मुलांना खुशखत शिकवते आहे. मराठीच्या तासाला अनुस्वार, उर्दूच्या तासाला नुक्ता. ‘एक ठिपका चुकला की अर्थ बदलतो’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, गणती नाही. आणि आता माझाच ठिपका जागेवर पडत नव्हता. हे काही त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. दीड-दोन वर्षांपासून उजवा हात थरथरत होता. चहाचा कप उचलताना, सही करताना, वह्या तपासताना. मी तो लपवत होते. स्टाफरूममध्ये कप दोन्ही हातांनी धरायचा, सही शेवटी करायची, फळ्यावर शक्यतो मुलांनाच लिहायला लावायचं. लपवायच्या युक्त्या माणसाला कोणी शिकवाव्या लागत नाहीत.

घरी हे नवीन नव्हतं. अम्मीचे हात मला आठवतं तेव्हापासून थरथरतात. पाहुणे आले की चहाचा ट्रे ती कधी स्वतः नेत नसे, कारण बशीत कप वाजायचा. लहानपणी मला वाटायचं, अम्मी लाजाळू आहे.

जूनमध्ये शेवटी डॉक्टरांकडे गेले. मनात एकच शब्द होता, पार्किन्सन. डॉक्टरांनी मला कागदावर गोगलगायीसारखं वळत जाणारं वर्तुळ काढायला लावलं, हात मांडीवर सैल सोडून बसवलं, मग हात पुढे ताणून धरायला सांगितलं. म्हणाले, ‘पार्किन्सनचा हात बहुधा स्वस्थ असताना थरथरतो. तुमचा काम करताना थरथरतो. याला एसेन्शियल ट्रेमर म्हणतात. पुष्कळदा घराण्यात असतो.’ मग उठता उठता सहज म्हणाले, ‘मॅडम, हात तर सगळ्यांचाच थरथरतो. तुमचा दिसतो, एवढंच.’

मला ते धीर देण्यासाठी बोललेलं वाक्य वाटलं. ते अक्षरशः खरं आहे हे मला एका लेन्सने शिकवलं.

ही लेन्स माझ्या धाकट्या भावाची. तो आखातात नोकरी करतो. हौसेने कॅमेरा घेतला, हौसेने १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली, आणि त्याच सुट्टीत आला तेव्हा ती आमच्याकडे ठेवून गेला. ‘आपा, पाखरं बघायची तुला आवड. हे दोन किलोचं ओझं मला झेपत नाही.’ पाखरांची आवड मला खरीच आहे. आमच्या शहरात, म्हणजे औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिल्ली दरवाज्याजवळचा जुना खिजरी तलाव आता सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. ज्या शहरात तलावाला पक्षितज्ज्ञाचं नाव आहे तिथल्या मास्तरीणबाईंना चार पाखरं ओळखता यायला हवीत, असं मी गमतीने म्हणते.

पण दोन महिने मी जे फोटो काढले ते कोणाला दाखवण्यासारखे नव्हते. हिमायत बागेतल्या आंब्यांवरचे पोपट म्हणजे हिरवे डाग. सरोवराकाठचा बगळा म्हणजे पांढरा धूर. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बरे दिसायचे, घरी मोठे करून पाहिले की सगळे पुसट. पहिला निष्कर्ष सोपा होता : लेन्स खराब आहे. दुसरा त्याहून सोपा : माझे हात खराब आहेत. मी ती पिशवीत घालून कपाटावर ठेवली.

ती खाली काढायला लावली माझ्या मुलाने. तो दहावीला होता आणि त्याच्या डोक्यात विज्ञान भरलेलं होतं. म्हणाला, ‘अम्मी, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची.’ गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला आम्ही उर्दू दैनिकाचं एक पान चिकटवलं आणि तीस-पस्तीस फुटांवर कॅमेरा ठेवला. आधी शेजाऱ्यांकडून आणलेल्या ट्रायपॉडवर, लेन्सचं स्थिरीकरण बंद करून, बटणाला हात न लावता दोन सेकंदांच्या टायमरवर. फोटो संगणकावर मोठा केला आणि मी बघतच राहिले. बारीक मजकुरातला नुक्ता न् नुक्ता वेगळा दिसत होता. लेन्सचा काही दोष नव्हता.

मग तेच पान हातात कॅमेरा धरून. १/१२५ सेकंदाला नुक्ते नव्हतेच, नुसत्या रेघा होत्या. १/५०० ला ‘पे’ आणि ‘बे’ ओळखू येईनात. १/१००० ला बरेचसे परतले. १/२००० ला जवळजवळ सगळे. त्यानंतर मुलाने हातात कॅमेरा घेतला. वय पंधरा, हात दगडासारखे. त्याच्याही १/१२५ च्या फोटोत नुक्ते गायब! माझ्याइतके नाही, पण गायब. माझे पती आले, त्यांनी काढला, त्यांचेही गायब. आम्ही तिघं त्या संगणकासमोर हसत बसलो होतो आणि मला मात्र डॉक्टरांचं वाक्य आठवत होतं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीकसा कापत असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. पण ६०० मिलिमीटरची लेन्स आमच्या कॅमेऱ्यावर लावली की चौकटीत जेमतेम सव्वादोन अंशांचं जग मावतं. तिथे हात एक अंश हलला तर अर्धी चौकट सरकते, मग केसाएवढं हललं तरी पाखराचा डोळा पुसला जातो. लेन्स पाखराला जेवढं मोठं करते तेवढंच आपल्या थरथरण्यालाही मोठं करते. ती कोणाची गय करत नाही.

त्यामुळे पहिला नियम छायाचित्रकार सांगतात तो असा : लेन्स जितक्या मिलिमीटरची, निदान तितक्याव्या हिश्शाचा शटर स्पीड ठेवा. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यामुळे ६०० ला दीडने गुणायचं. म्हणजे १/९००, सोयीसाठी १/१०००. माझ्यासारखीने १/१६०० च्या खाली उतरू नये. उडत्या पाखराला १/२००० किंवा त्याहून जास्त. लेन्समध्ये स्थिरीकरणाची सोय असते, ती आपला हात सावरते. पण पाखराने मान वळवली तर ती काही करू शकत नाही. तिथे शटरच लागतो. शटर वाढवला की उजेड कमी पडतो, मग आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. मी सुरुवातीला दाण्यांना फार घाबरायचे. आता १६००, ३२०० बिनधास्त ठेवते. दाणेदार फोटो नंतर थोडा साफ करता येतो. हललेला फोटो कोणी सरळ करून देत नाही.

पण नुसता शटर वाढवून काम होत नव्हतं. पहाटेच्या उजेडात १/२००० परवडत नाही. आणि दोन किलोची लेन्स मिनिटभर धरली की माझा हात जास्तच कापायला लागायचा.

इथे अम्मी आली. सप्टेंबरातली गोष्ट. ती दारात बसून सुईत दोरा ओवत होती. मी तिला हे करताना हजार वेळा पाहिलं असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन्ही गुडघे वर घेतलेले, कोपरं गुडघ्यांवर टेकलेली, दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवलेली. श्वास सोडला, अर्ध्यावर थांबली, दोरा आत. चष्मा न लावता, कापत्या हातांनी, पहिल्या झटक्यात.

मी विचारलं, ‘अम्मी, हात हिलता तो कैसा डालते तुम?’

ती म्हणाली, ‘हाथ कू रोकने का नक्को. टेका देने का.’

हात थांबवायला जाऊ नकोस, त्याला टेका दे. पन्नास वर्षं ती हे करत होती आणि मी ते तिचं लाजणं समजत होते.

नेमबाजीच्या आणि फोटोग्राफीच्या पुस्तकांत हेच लिहिलेलं असतं. कोपर हवेत ठेवू नका, छातीला किंवा गुडघ्याला टेकवा. डावा हात लेन्सच्या खाली, पुढच्या बाजूला. श्वास अर्धा सोडून थांबा. बटण दाबू नका, हळूच पिळा. एक फोटो काढू नका, तीन-चार सलग काढा. पहिल्यात बोटाचा धक्का असतो, दुसरा-तिसरा स्थिर येतो. पुस्तकात वाचून ते मला कळलं असतं. अम्मीला पाहिल्यावर ते अंगात उतरलं.

तिनेच मला पिशवी शिवून दिली. मुलाच्या जुन्या जीन्सचा एक पाय कापला, एक तोंड शिवलं, दोन-अडीच किलो ज्वारी भरली, दुसरं तोंड शिवलं. बाजारात अशा पिशव्या विकत मिळतात, लोक त्यांना बीन बॅग म्हणतात. ज्वारीची पिशवी कुठेही बसते : गाडीच्या खिडकीच्या काचेवर, दगडावर, बांधावर, गुडघ्यावर. लेन्स तिच्यात रुतते आणि शांत होते. तिच्यावर मी १/५०० लाही नुक्ते मिळवले. हातात धरून १/२००० ला जे मिळत होतं ते टेकवून चौपट कमी वेगाला मिळालं.

हिवाळ्यात आम्ही रविवारी पैठणला जायला लागलो. फजरची नमाज झाली की निघायचं, पन्नासेक किलोमीटर, सूर्य वर येता येता नाथसागराचा काठ. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पुरं झालं आणि गोदावरीचं पाणी पसरलं. दहा वर्षांत, १९८६ साली, तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं. माणसांनी शेतीसाठी अडवलेलं पाणी पाखरांनी आपलं मानलं. हिमालयापलीकडून पट्टकादंब येतात, रोहित येतात, चक्रवाक येतात. काळ्या अंगाच्या, कपाळावर पांढरा टिळा असलेल्या एका पाणपाखराला मराठीत वारकरी म्हणतात. नाथांच्या पैठणला वारकऱ्यांची गर्दी असणारच.

तिथे माझी आणखी एक चूक उघडी पडली. लांब लेन्स आहे म्हणजे लांबचं पाखरू टिपता येईल असं मला वाटायचं. दोनशे मीटरवरच्या कादंबांचे मी शेकड्याने फोटो काढले. पिशवी होती, शटर होता, सगळं होतं, तरी ते उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे. लेन्स आणि पाखरू यांच्यामध्ये हवा असते हे मी धरलंच नव्हतं. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवा वर उठते आणि लहरायला लागते. डांबरी रस्त्यावर दुपारी जे मृगजळ दिसतं तेच, फक्त थोडं कमी. त्यावर कोणतीही महागडी लेन्स आणि कोणताही ट्रायपॉड चालत नाही. उपाय दोनच : सकाळी साडेनऊच्या आत काम उरकायचं, आणि मधली हवा कमी करायची. म्हणजे जवळ जायचं. गाडीतून फोटो काढायचा तर एसी आणि हीटर बंद करून, काच खाली करून थोडा वेळ थांबायचं. आतली-बाहेरची हवा खिडकीत मिसळते तिथेही तीच लहर असते.

जवळ जायचं म्हणून मी एकदा सरळ चालत गेले. सगळा थवा उठला. काठावर जाळं आवरत बसलेले एक वयस्कर मासेमार होते. ते म्हणाले, ‘बाई, त्यांना उठवू नका. लई लांबून आलेली असत्यात. सकाळचं चरणं असतंय त्यांचं.’ रागाने नाही, समजावून. मला फार ओशाळल्यासारखं झालं. वर्गात मी मुलांना म्हणते, कोणी बोलत असेल तर मध्ये घुसू नका.

मौलाना आझाद १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथे लिहिलेली पत्रं पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात आली. त्यात खोलीत येणाऱ्या चिमण्यांची एक हकीकत आहे. आधी त्यांच्याशी लढाई, मग समझोता. मौलाना दाणे टाकतात आणि न हलता बसून राहतात, दाणे रोज थोडे जवळ सरकवतात, आणि शेवटी चिमण्या त्यांच्या तळहातावर येऊन दाणे टिपतात. उर्दूच्या तासाला मी हा भाग किती रंगवून सांगितला आहे! त्यातला धडा मात्र नाथसागराच्या काठावर कळला. आपण पाखराजवळ जायचं नसतं. पाखरू जिथे येणार आहे तिथे आधी जाऊन बसायचं असतं. लांब लेन्स दूरच्या पाखराला जवळ आणण्यासाठी नाही. जवळ आलेल्या पाखराला न उठवता मोठं करण्यासाठी आहे.

दाणे मात्र मी टाकत नाही. रानपाखरांना फोटोसाठी सवय लावणं बरं नाही. बसते मात्र.

जानेवारीत एका रविवारी पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या वाळक्या फांदीसमोर बसले. आदल्या दोन रविवारी तिथे काळा-पांढरा कवड्या खंड्या येताना पाहिला होता. अंतर अंदाजे बारा मीटर. दगडावर ज्वारीची पिशवी, पिशवीवर लेन्स, डावा हात लेन्सवर वरून हलकेच ठेवलेला. अॅपर्चर ८. लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे ६.३ वर ठेवली तर दहा मीटरवर पुढून मागे जेमतेम सात सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो; चोच स्पष्ट आणि डोळा पुसट असं होऊन बसतं. ८ वर थोडी सवड मिळते, आणि बहुतेक झूम लेन्सा तिथे जास्त रेखीव असतात. फोकसचा ठिपका एकच, मधला. पुढे लावलेली स्वस्त संरक्षक काच काढून ठेवली होती. शटर १/१६००.

पन्नास मिनिटं काही आलं नाही. थंडीने माझा हात नेहमीपेक्षा जास्त कापत होता. मला ते दिसत होतं आणि पहिल्यांदाच मी त्याच्याशी भांडत नव्हते. पती मागे गाडीत थर्मास घेऊन बसले होते. मग खंड्या आला. फांदीवर बसला, चोचीत मासा, मासा फांदीवर आपटला. मी श्वास अर्धा सोडला. ठिपका डोळ्यावर. बटण पिळलं.

त्या सकाळी २१४ फोटो काढले. घरी आल्यावर २०३ पुसून टाकले. उरलेल्या अकरांत एक असा आहे की खंड्याच्या काळ्या डोळ्यात उजेडाचा ठिपका दिसतो. अगदी जागेवर पडलेला नुक्ता.

लेन्सने माझा आजार बरा केला नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेते, चहा कमी केला आहे, थरथर आहेच. पण शाळा सुरू झाल्यावर मी आठवीच्या वर्गाला सांगितलं, माझा हात कापतो, त्याचं नाव अमुक आहे, तो लागत नाही आणि त्याने काही वाईट होत नाही. आता मी फळ्यावर लिहिताना डाव्या हाताची मूठ फळ्याला टेकवते आणि उजवं मनगट तिच्यावर ठेवून नुक्ता देते. वेळ लागतो. मुली थांबतात. दोघी-तिघींनी वहीतही तसंच लिहायला सुरुवात केली, त्यांना वाटलं हीच खुशखतची रीत आहे. मी त्यांना अडवलं नाही.

खंड्याचा फोटो मी अम्मीला टीव्हीच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. ती जवळ गेली, चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली. ‘आंख कैसी चमकरी, देख,’ म्हणाली. मग मागे वळून म्हणाली, ‘और मेरी थैली? भीगी तो नै? ज्वारी कू कीडे लगते.’

मी पिशवी आणून दिली. तिने ती दोन्ही थरथरत्या हातांनी चाचपून पाहिली, एका कोपऱ्यात ओल होती, आणि ती उचलून गच्चीवर उन्हात ठेवायला घेऊन गेली.